ज्यांचं नाव त्यांचा आवाज नाही: सुप्रीम्सच्या शेवटच्या नंबर एकचं प्रकरण

27 डिसेंबर 1969. बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत त्या आठवड्याला एक नंबरवर गाणं होतं 'समडे वी'ल बी टुगेदर', म्हणजे 'कधीतरी एकत्र येऊ', आणि रेकॉर्डवर नाव होतं डायना रॉस अँड द सुप्रीम्स, तीन गायिकांचा अमेरिकन गट. साठच्या दशकातला हा शेवटचा एक नंबर, सुप्रीम्सचा बारावा, आणि डायना गट सोडून चालली होती म्हणून निरोपाचं गाणं म्हणून ते सगळीकडे वाजत होतं. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे की या रेकॉर्डवर सुप्रीम्सपैकी फक्त डायना गातेय. मेरी विल्सन आणि सिंडी बर्डसाँग या दोघींचा एकही सूर त्यात नाही, मागचे बायकांचे आवाज आहेत ते मॅक्सीन आणि जुलिया वॉटर्स या बहिणींचे, आणि मधूनमधून जो पुरुषाचा आवाज येतो तो गाण्याचा प्रोड्यूसर जॉनी ब्रिस्टल याचा.

मी पंधरा वर्षं कोरसमध्ये गातेय, ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम, अधूनमधून स्टुडिओ, त्यामुळे हे प्रकरण माझ्या फार जवळचं आहे. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात ना, शाहीर ओळ टाकतो आणि हे ती उचलून धरतात, झील धरतात म्हणतो आपण, आणि ती झील नसेल तर पोवाडा उभाच राहत नाही, पण नाव लक्षात राहतं शाहिराचं. इथं तर त्याच्याही पुढची गोष्ट झाली. झील एकीनं धरली आणि झीलकरी म्हणून नाव छापलं दुसरीचं. हे कसं झालं, कुणी ठरवलं, आणि ज्यांचं नाव होतं पण आवाज नव्हता त्यांचं पुढं काय झालं, हे सगळं एकदा नीट मांडायचं होतं.

आधी गाण्याचा जन्म. हे गाणं 1969 चं नाहीच. जॉनी ब्रिस्टल आणि जॅकी बीव्हर्स हे दोघं एअर फोर्समध्ये असताना एकत्र आले, जॉनी अँड जॅकी नावानं गायला लागले, आणि हार्वे फुक्वाबरोबर त्यांनी हे गाणं लिहिलं. हार्वे फुक्वा म्हणजे मूनग्लोज या गायक-गटाचा, गायक मार्विन गे याला सुरुवातीला हाताशी धरणारा माणूस. त्याची आणि ग्वेन गॉर्डीची ट्राय-फाय नावाची छोटी कंपनी होती डेट्रॉइटमध्ये, तिथून 1961 मध्ये जॉनी अँड जॅकीचं हे गाणं निघालं आणि फारसं चाललं नाही. ग्वेन ही सुप्रीम्सची रेकॉर्ड कंपनी मोटाउन, तिचा मालक बेरी गॉर्डी याची बहीण. पुढे ट्राय-फाय बंद होऊन सगळा पसारा मोटाउनमध्ये गेला, फुक्वा गेला, ब्रिस्टल गेला, आणि हे गाणंही त्यांच्याबरोबर गेलं. मग आठ वर्षं ते तसंच पडून.

सुप्रीम्सची गोष्ट थोडक्यात सांगते कारण ती बऱ्यापैकी ऐकलेली असते. डेट्रॉइटच्या ब्रूस्टर-डग्लस वसाहतीतल्या मुली, 1959 ला प्रायमेट्स नावानं सुरुवात, 1961 ला मोटाउनशी करार, पहिली तीन वर्षं एकही मोठं गाणं नाही, आणि मग 1964 पासून हॉलंड-डोझिअर-हॉलंड या त्रिकुटाच्या गाण्यांवर लागोपाठ पाच एक नंबर. फ्लॉरेन्स बॅलर्ड, मेरी विल्सन, डायना रॉस. यात गट मुळात उभा केला तो फ्लॉरेन्सनं, आवाजही तिचा सगळ्यात दमदार, पण मेन आवाज म्हणून गॉर्डीनं डायनाला पुढं केलं कारण तिचा बारीक, किंचित नाकातला आवाज छोट्या रेडिओवर कापत जायचा. हा निर्णय धंद्याच्या दृष्टीनं शंभर टक्के बरोबर ठरला हे मान्यच करावं लागतं. 1967 मध्ये दोन गोष्टी झाल्या. फ्लॉरेन्सला गटातून काढलं आणि सिंडी बर्डसाँग आली, आणि गटाचं नाव बदलून डायना रॉस अँड द सुप्रीम्स झालं. त्या 'अँड' नं सगळा तोल बदलला. आधी तिघी मिळून एक नाव होतं, आता एक नाव आणि तिच्या मागे दोन जणी. फ्लॉरेन्स 1976 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी गेली, तिच्यावर वेगळं लिहायला हवं, इथं एका ओळीत तिला संपवणं मला जड जातंय.

आता हे लक्षात घ्या की रेकॉर्डवर एकीचं नाव आणि दुसरीचा आवाज हा प्रकार या गाण्यापासून सुरू झालेला नाही. मोटाउनमध्ये अँडॅन्टीज नावाचा तीन बायकांचा गट होता, जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स, आणि त्या स्टुडिओत कुणाच्याही रेकॉर्डवर मागचे आवाज द्यायच्या, लेबलवर नाव नाही. 1968 च्या 'लव्ह चाइल्ड' वरसुद्धा मागे अँडॅन्टीजच आहेत, मेरी आणि सिंडी नाहीत. कारणं सरळ होती. सुप्रीम्स सतत दौऱ्यावर, आज लास वेगास उद्या लंडन, आणि कारखाना थांबवायचा नाही, गाणं तयार असेल तर जी बाई हजर आहे तिला माइकसमोर उभं करा. आपल्याकडं हे ऐकून कुणी दचकणार नाही, आपला तर सगळा सिनेमाच उसन्या गळ्यावर चालतो, आणि 1949 च्या 'महल' च्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून लता मंगेशकरांचं नाव नव्हतंच, सिनेमातल्या पात्राचं, कामिनीचं नाव होतं. पण एक फरक आहे. आपल्याकडं प्रेक्षकाला ठाऊक असतं की पडद्यावरची बाई गात नाहीये. सुप्रीम्सचं रेकॉर्ड विकत घेणाऱ्या मुलीला मात्र वाटत होतं की आपण त्या तिघींनाच ऐकतोय.

तर 1969. जॉनी ब्रिस्टल आता मोटाउनचा पक्का प्रोड्यूसर झालेला, आणि त्या वर्षी ज्युनियर वॉकर अँड द ऑल स्टार्सबरोबर त्यानं 'व्हॉट डझ इट टेक' नावाचं मोठं यशस्वी गाणं केलेलं. त्याच वॉकरसाठी त्यानं आपलं जुनं गाणं पुन्हा काढलं. वाद्यांचा ट्रॅक तयार, मागचे आवाज तयार, वॉकर यायचा बाकी. तेवढ्यात बेरी गॉर्डीनं ते ऐकलं आणि म्हणाला हे डायनाला द्या, तिचं पहिलं सोलो गाणं म्हणून. म्हणजे बघा, वॉटर्स बहिणी जेव्हा गात होत्या तेव्हा त्या सुप्रीम्सच्या जागी गात नव्हत्याच, त्या एका सॅक्सोफोन वाजवणाऱ्या पुरुषाच्या मागे गात होत्या! मेरी आणि सिंडीला मुद्दाम डावलून दुसऱ्यांना बोलावलं असं काही त्या दिवशी घडलं नव्हतं. मला हे समजल्यावर या प्रकरणाकडं बघायची माझी नजरच बदलली, कारण तोवर मी वॉटर्स बहिणींना कुणाची तरी जागा घेणाऱ्या समजत होते आणि ते त्यांच्यावर अन्याय करणारं होतं.

डायना गायला आली आणि गाणं बसेना. ब्रिस्टलनं नंतर सांगितलेली हकीकत अशी की त्याला जो मूड हवा होता तो येत नव्हता, सूर बरोबर, शब्द बरोबर, पण गाणं उठत नव्हतं. मग त्यानं ठरवलं की आपण दुसऱ्या बूथमध्ये माइकसमोर उभं राहायचं आणि ती गात असताना तिच्या हेडफोनमध्ये तिला साथ द्यायची, जरा चेतवायचं, एखादा सूर लावायचा, एखादं 'हां, असंच' म्हणायचं. हे रेकॉर्डवर यायचं नव्हतंच. पण इंजिनिअरकडून दोघांचेही आवाज टेपवर घेतले गेले, आणि नंतर ऐकल्यावर गॉर्डीला आणि ब्रिस्टलला दोघांनाही वाटलं की हे असंच ठेवायचं.

आता हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको, तिथं हे सगळं विरघळून जातं. सुरुवातीला तंतुवाद्यं, वेड मार्कसची अरेंजमेंट आहे, ती एक गोल वळण घेतात आणि खाली बायकांचे आवाज गुंजारवासारखे येतात, आणि मग ब्रिस्टल बोलतो, अगदी हळू, जणू शेजारी बसलाय. डायना ओळ टाकते. ओळ संपते न संपते तोच तो तिला उचलून धरतो, कधी शब्दानं, कधी नुसत्या हुंकारानं. ज्यांनी आपली बैठक ऐकलीय त्यांना हे लगेच कळेल, गवयानं जागा घेतली की तबलजीच्या तोंडून निसटतं ना 'वाह', तसं. ती दाद प्रेक्षकांसाठी नसते, ती गाणाऱ्यासाठी असते, आणि तिनं गाणाऱ्याचा पुढचा सूर बदलतो. इथं तो बदलताना ऐकू येतो. डायना एरवी फार आखीव गाते, तिची वाक्यं इस्त्री केल्यासारखी असतात, पण या गाण्यात शेवटाकडं ती मोकळी होत जाते, आणि ती मोकळी होते ते त्या माणसाला उत्तर देत देत.

आणि त्या दोघी बहिणी. कोरसवालीच्या कानानं सांगते, दोन वेगवेगळ्या गळ्यांचा एक आवाज करायला आम्हाला किती मेहनत लागते. 'आ' किती उघडायचा, श्वास कोणी कुठं घ्यायचा म्हणजे भोक पडणार नाही, शेवटचं अक्षर कुणी सोडायचं आणि कुणी गिळायचं, नाहीतर दोन 'स' आणि तीन 'त' वेगवेगळे ऐकू येतात. बहिणींना यातलं अर्धं घरातूनच मिळालेलं असतं, त्यांचे स्वर एकाच स्वयंपाकघरात घडलेले असतात. वॉटर्स बहिणींची झील ऐका, जोड कुठंच दिसत नाही, आणि तरीही ती झील मऊ गादी बनून मागे पसरत नाही, तिच्यात चर्चमधल्या गाण्याचा कणा आहे. सुप्रीम्सच्या पाच-सहा वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डवर मेरी आणि फ्लॉरेन्स जशा गायच्या, टाळ्यांच्या ठेक्यावर, थोड्या शाळकरी लाडीगोडीनं, त्यापेक्षा हे फार वेगळं आहे. हे रेकॉर्ड नीट ऐकणाऱ्याला नुसत्या कानांनी कळू शकत होतं की मागे कुणीतरी दुसरं आहे.

यानंतर आला खरा निर्णय, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच. गाणं तयार झाल्यावर गॉर्डीनं विचार बदलला. डायनाचं पहिलं सोलो म्हणून न काढता ते डायना रॉस अँड द सुप्रीम्सचं शेवटचं म्हणून काढायचं. ऑक्टोबर 1969 मध्ये रेकॉर्ड बाजारात, नोव्हेंबरमध्ये डायना जाणार ही बातमी बाहेर. दुकानदारीच्या हिशेबानं बघितलं तर यापेक्षा चांगली चाल सुचणं अवघड आहे. गाण्याचा मूळ विषय ताटातुटीचा, सोडून आलेल्या माणसाची आठवण, कधीतरी पुन्हा एकत्र येऊ अशी आस, आणि इकडं देशभर चर्चा की गट फुटतोय. त्यात त्या वर्षी पाच लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक व्हिएतनाममध्ये, म्हणजे घरोघरी कुणीतरी कुणाची तरी वाट बघणारं. सोलो म्हणून काढलं असतं तर ते एका बाईचं प्रेमगीत राहिलं असतं. गटाच्या नावानं काढल्यावर ते सगळ्यांचं झालं. पॉपच्या आणि सोलच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या, दोन्ही याद्यांवर ते एक नंबरला गेलं.

आणि इथं मला इंग्रजीची एक पळवाट दिसते. इंग्रजीत 'वी' एकच. मराठीत गाणं लिहायला बसलात तर पहिल्याच ओळीला अडाल, 'आपण' लिहू की 'आम्ही'? आपण म्हणजे तू आणि मी, ऐकणारा त्यात आहे. आम्ही म्हणजे आमचा गट, ऐकणारा बाहेर. जॉनी आणि जॅकीनं लिहिलं तेव्हा ते स्वच्छ 'आपण' होतं, प्रियकर प्रेयसीला म्हणतोय. गॉर्डीनं लेबलवर गटाचं नाव घातलं आणि एका फटक्यात ते 'आम्ही' झालं, आम्ही तिघी कधीतरी पुन्हा एकत्र येऊ. आणि त्या 'आम्ही' मधल्या दोघी रेकॉर्डवर नव्हत्याच. मागचे आवाज दुसऱ्यांचे असणं यात मला स्वतःला फार मोठं पाप वाटत नाही, कामाची रीत होती. मला खुपतं ते हे की ज्या गाण्याचा सगळा अर्थ 'एकत्र' या शब्दावर उभा केला, नेमकं त्याच गाण्यात त्यांना घेतलं नाही. वेळ होता. ट्रॅकवर त्यांचे आवाज चढवायला एक दुपार पुरली असती. त्या दोघींना बोलावून वॉटर्स बहिणींच्या बरोबरीनं उभं केलं असतं तर गाण्याचं काही बिघडलं नसतं.

मग त्या दोघींना हे गाणं गावं लागलं, कारण रेकॉर्डवर नसलं तरी स्टेजवर गट तोच होता. 21 डिसेंबरला टीव्हीवरच्या एड सलिव्हनच्या कार्यक्रमात तिघी शेवटच्या वेळी एकत्र आल्या. याच कार्यक्रमात त्या पहिल्यांदा आल्या होत्या 27 डिसेंबर 1964 ला, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांपूर्वी, तेव्हा शेजारी फ्लॉरेन्स होती. जरा विचार करा मेरीच्या जागी उभं राहून. आपल्या गटाचं गाणं, देशभर वाजणारं, आणि ते आपण इतर ऐकणाऱ्यांसारखं रेडिओवरून शिकायचं, दुसऱ्या बायकांनी लावलेले सूर आपल्या गळ्यात बसवायचे, आणि ते अशा चेहऱ्यानं गायचे की बघणाऱ्याला वाटावं हे आमचंच. कोरसवाल्यांना दुसऱ्याचं काम उचलायची सवय असते, पण आपल्याच नावानं निघालेलं दुसऱ्याचं काम उचलणं ही वेगळी गोष्ट आहे.

14 जानेवारी 1970, लास वेगासचं फ्रंटियर हॉटेल, शेवटचा कार्यक्रम. शेवटचं गाणं हेच. त्याचं थेट ध्वनिमुद्रण 'फेअरवेल' नावानं नंतर निघालं, आणि ते मिळवून ऐकाच, कारण तिथं या गाण्यात मेरी आणि सिंडी खऱ्याखुऱ्या आहेत. स्टुडिओतल्या रेकॉर्डइतकं ते गुळगुळीत नाही. पण त्या रात्री त्या तिघी स्टेजवर, समोर भरलेला हॉल, आणि त्यात तो 'वी' पुन्हा 'आपण' होतो, गाणारे ऐकणारे सगळे मिळून. कार्यक्रम संपल्यावर डायनानं तिच्या जागी येणाऱ्या जीन टेरेलला स्टेजवर बोलावून सगळ्यांना ओळख करून दिली. मेरीनं पुढं आत्मचरित्रात लिहिलंय की त्यानंतर लगेचच गॉर्डीनं जीनला बदलून दुसरी गायिका घ्यायचं काढलं आणि मेरीनं ठाम नकार दिला. मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते. रेकॉर्डवर आवाज नसलेली बाई दुसऱ्याच दिवसापासून गट सांभाळायला उभी राहिली.

निकाल काय लागला? गट बुडाला नाही. जीन, मेरी आणि सिंडी यांचं 'अप द लॅडर टू द रूफ' 1970 मध्ये दहाव्या नंबरपर्यंत गेलं, 'स्टोन्ड लव्ह' सातव्यापर्यंत. डायनाचं खरंखुरं पहिलं सोलो 'रीच आउट अँड टच' विसाव्यावर थांबलं, म्हणजे सुरुवातीला उरलेल्या गटाचं तिच्यापेक्षा बरं चाललं, मग त्याच वर्षी 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' नं ती एक नंबरवर गेली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सुप्रीम्स 1977 पर्यंत चालली, माणसं बदलत राहिली, मेरी मात्र शेवटपर्यंत.

गाण्यातलं वचन दोनदा पाळायचा प्रयत्न झाला. 1983 मध्ये मोटाउनच्या 25 वर्षांच्या सोहळ्यात डायना, मेरी आणि सिंडी स्टेजवर आल्या आणि हेच गाणं सुरू झालं, पण गाणं पुरतं रंगायच्या आत बाकीचे कलाकारही स्टेजवर आले, तिघींच्या वाट्याला तिघींचं असं गाण्यातलं थोडंसंच आलं, आणि त्या संध्याकाळच्या ताणाबद्दल नंतर बरंच छापून आलं. मग 2000 साली डायनानं सुप्रीम्सच्या नावानं मोठा दौरा काढला, मेरीशी आणि सिंडीशी बोलणी झाली, ती फिसकटली, आणि दौऱ्यावर डायनाबरोबर आल्या शेरी पेन आणि लिंडा लॉरेन्स. दोघी उत्तम गायिका, दोघी खरोखर सुप्रीम्समध्ये होत्या, पण सत्तरच्या दशकात, डायना गेल्यानंतर. म्हणजे ज्यांच्याबरोबर ती कधी गटात नव्हतीच त्यांच्याबरोबर पुनर्मीलन. तिकिटं खपली नाहीत आणि दौरा मधेच बंद पडला. लोकांना कळलं होतं. 1969 मध्ये रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांना ते कळायला मार्ग नव्हता. मेरी विल्सन फेब्रुवारी 2021 मध्ये गेली.

राहता राहिला जॉनी ब्रिस्टल. लेबलवर त्याचं नाव आहे, गीतकारांमध्ये आणि प्रोड्यूसर म्हणून. गायक म्हणून नाही. पण 1961 मध्ये हे गाणं पहिल्यांदा ज्या दोन गळ्यांतून बाहेर पडलं त्यातला एक त्याचा, आणि आठ वर्षांनी ते देशात एक नंबरला गेलं तेव्हाही त्यात तोच गळा होता, बाजूच्या बूथमधून, दुसरीला धीर देत. पुढं 1974 मध्ये 'हँग ऑन इन देअर बेबी' गाऊन त्यानं स्वतःच्या नावावर यश मिळवलं, आणि 2004 मध्ये तो गेला. गाणं विरत जातं त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात आवाज थोडा वाढवा. डायना वरच्या पट्टीत तीच ओळ पुन्हा पुन्हा घेते, मॅक्सीन आणि जुलिया खालून ती धरून ठेवतात, आणि त्यांच्या मधून ब्रिस्टल अजून बोलतोय, तिला म्हणतोय, हां, गा.